तपासणीपुरता धूर

अमेरिकेत 'रोलिंग कोल' नावाचा एक प्रकार आहे. मोठा डिझेल पिकअप ट्रक घ्यायचा, इंजिनाला गरजेपेक्षा जास्त डिझेल पाजायचं, आणि शेजारून एखादा सायकलवाला किंवा टोयोटा प्रियस जायला लागली की अॅक्सिलरेटर दाबून तिच्या अंगावर काळ्याकुट्ट धुराचा लोट सोडायचा. यूट्यूबवर याचे ढिगाने व्हिडिओ आहेत. ज्याने आयुष्यात कधी एसटीच्या मागे स्कूटर चालवली आहे त्याला यात गंमत कसली हे कळणं कठीणच! न्यू जर्सीने २०१५ साली कायदा करून हा प्रकार बंद केला, मग कोलोरॅडोनेही केला.

पण हा झाला तमाशा. मला जास्त रस आहे तो तमाशा न करणाऱ्या ट्रकांमध्ये. म्हणजे बाहेरून अगदी साधा, सभ्य दिसणारा फोर्ड किंवा रॅम, मागे घोड्यांचा ट्रेलर, आत शेतकरी किंवा प्लंबर, आणि खाली सायलेन्सरच्या जागी नुसती सरळ नळी. धूर शुद्ध करणारी सगळी यंत्रणा काढून भंगारात विकलेली. अमेरिकन पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, नोव्हेंबर २०२० मध्ये एक अहवाल काढला. त्यात त्यांनी पकडलेल्या कंपन्यांच्या विक्रीच्या नोंदींवरून हिशोब मांडला होता. साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप अशा 'साफ' केल्या गेल्या. त्या वर्गातल्या एकूण ट्रकांपैकी सुमारे १५ टक्के! त्यांच्या उरलेल्या आयुष्यात हे ट्रक ५ लाख ७० हजार टन जादा नायट्रोजन ऑक्साइड आणि ५ हजार टन जादा काजळी सोडणार. खात्याच्याच शब्दांत सांगायचं तर रस्त्यावर आणखी ९० लाख नियमातले ट्रक आणून सोडण्यासारखं आहे हे.

आता प्रश्न असा, की साडेपाच लाख लोक एका केंद्रीय कायद्याला इतक्या सहज वळसा कसा घालतात? वर्षाच्या तपासणीत ते पास कसे होतात? हा इतिहास मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच जुना निघाला, आणि त्यातले पहिले धडे ट्रकवाल्यांनी दिलेलेच नाहीत.

तर सुरुवात ३१ डिसेंबर १९७० पासून. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी क्लीन एअर अॅक्टवर सही केली. कायदा कडक होता. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाच वर्षांत ९० टक्क्यांनी कमी करा, असं सरळ गाडी कंपन्यांना सांगितलेलं. कंपन्यांनी आरडाओरडा केला, मुदतवाढी मिळवल्या, पण १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. या कन्व्हर्टरला शिशाचं पेट्रोल चालत नाही, शिसं त्याच्यावर बसतं आणि तो मरतो. म्हणून बिनशिशाच्या पेट्रोलचा नोझल बारीक केला, आणि नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंडही बारीक ठेवलं. शिशाच्या पेट्रोलचा जाड नोझल आत जाणारच नाही. किती सुंदर डिझाइन! माझ्यासारख्या कोड पाडणाऱ्या माणसाला अशा गोष्टी बघून भरून येतं.

फक्त शिशाचं पेट्रोल काही सेंट स्वस्त होतं.

लोकांनी नरसाळं आणलं. काहींनी टाकीच्या तोंडातली ती चकतीच ठोकून काढली. काहींनी कन्व्हर्टरच काढला आणि तिथे बसेल अशी सरळ नळी लावली. ती नळी स्पेअर पार्टच्या दुकानात उघड मिळायची आणि तिचं नाव होतं 'टेस्ट पाइप'. कन्व्हर्टर तुंबलाय का हे तपासायला तात्पुरती लावून बघायची म्हणून टेस्ट पाइप. व्यवहारात उलटं होतं. टेस्टच्या दिवशी तेवढी काढायची, बाकी वर्षभर तीच. :-)

कायद्याचं बघा. १९७० च्या कायद्यात यंत्रणेला हात लावायची बंदी होती ती गाडी बनवणारा आणि विकणारा डीलर यांनाच. १९७७ च्या दुरुस्तीत गॅरेजवाले आले. खुद्द मालकाला आणि असले पार्ट बनवून विकणाऱ्याला बंदी लागू झाली ती १९९० च्या दुरुस्तीत. म्हणजे पहिली वीस वर्षं स्वतःच्या अंगणात स्वतःच्या पान्याने कन्व्हर्टर काढणाऱ्या माणसाला केंद्रीय कायद्याचं भय नव्हतं. आजही तिकडच्या वयस्कर लोकांच्या बोलण्यात 'माझी गाडी, माझी मर्जी' असा सूर असतो तो हवेतून आलेला नाही.

आता दुसरी बाजू, आणि मला ही जास्त मजेदार वाटते. कारखान्याची.

कुठलंही नवीन मॉडेल बाजारात आणण्याआधी त्याची परीक्षा होते. गाडी रोलरवर चढवायची, ड्रायव्हरने समोरच्या आलेखाप्रमाणे वेग कमीजास्त करायचा, आणि सायलेन्सरमधून निघेल ते पिशव्यांमध्ये गोळा करून मोजायचं. हा आलेख लॉस एंजेलिसच्या एका खऱ्याखुऱ्या रस्त्यावरच्या ड्रायव्हिंगवरून बनवलेला आहे. १३७२ सेकंद, साडेसात मैल. खोलीचं तापमान २० ते ३० अंश सेल्सियस. सगळं ठरलेलं, छापलेलं, जाहीर. म्हणजे पेपर आधीच फुटलेला, आणि तोही परीक्षा मंडळानेच फोडलेला! दरवर्षी तोच प्रश्न येणार हे माहीत असल्यावर मुलं काय करतील?

तेच कंपन्यांनी केलं. फोर्डच्या लोकांनी परीक्षेच्या गाड्यांची गुपचूप जास्तीची डागडुजी केली. १९७३ मध्ये कंपनीला ७० लाख डॉलर भरावे लागले. फोक्सवॅगनच्या गाड्यांमध्ये तापमान बघून प्रदूषण यंत्रणेचं काम बदलणारी स्विचेस होती आणि ती आहेत हे कंपनीने सांगितलेलं नव्हतं. १९७४ मध्ये त्यांनी १ लाख २० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. हो, तीच फोक्सवॅगन. परीक्षेची खोली २० अंशांच्या वर असणार हे ठाऊक असलं की त्याखाली गाडीने काय करावं ही कंपनीची मर्जी. अशा क्लृप्तीला नाव पडलं 'डिफीट डिव्हाइस'.

यानंतर गाडीत कॉम्प्युटर आला आणि स्विचची जागा इफ-एल्सने घेतली. १९९१ ते ९५ च्या कॅडिलॅक गाड्या एसी चालू असताना बंद पडायच्या. जनरल मोटर्सने सॉफ्टवेअरमध्ये बदल केला, की एसी चालू असेल तर इंजिनाला जास्त पेट्रोल द्या. तक्रार मिटली. कार्बन मोनॉक्साइड मात्र मर्यादेच्या तिपटीपर्यंत गेला. आणि परीक्षा होते एसी बंद ठेवून! १९९५ मध्ये ४ लाख ७० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, सगळं मिळून साडेचार कोटी डॉलरला पडलं. मला या केसमधला तो प्रोग्रामर डोळ्यासमोर येतो. त्याला कुणाला फसवायचं असेलच असं नाही. बग आला, त्याने पॅच मारला, टेस्ट केस सगळ्या पास झाल्या, घरी गेला. आपण रोज हेच करतो, फक्त आपल्या पॅचमधून धूर निघत नाही.

मोठं प्रकरण ट्रकांचं. डिझेल इंजिनात एक जुनी ओढाताण आहे. डिझेल सिलिंडरमध्ये जरा लवकर सोडलं तर मायलेज वाढतं, पण आत तापमान वाढून नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. उशिरा सोडलं तर उलट. परीक्षेत इंजिनाचा वेग सारखा वरखाली होतो. हायवेवर ट्रक तासन्‌तास एकाच वेगात चालतो. नव्वदच्या दशकातल्या इंजिनांचं सॉफ्टवेअर हा फरक ओळखायचं. एकसारखा वेग दिसला की इंजेक्शन अलीकडे ओढायचं. ट्रकमालक मायलेजवर खूश, परीक्षक निकालावर खूश. ऑक्टोबर १९९८ मध्ये कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनो आणि व्होल्वो अशा सात कंपन्यांशी सरकारने समझोता केला. १३ लाख इंजिनं. दंड ८ कोटी ३४ लाख डॉलर, आणि बाकीच्या अटी धरून एकूण खर्च सुमारे १०० कोटी डॉलर.

या समझोत्यातून एक गोष्ट झाली जिची तेव्हा बातमीही झाली नसेल. ट्रक रस्त्यावर चालत असताना धूर मोजता यावा म्हणून वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लोकांनी गाडीत ठेवता येईल असं यंत्र विकसित केलं. रोलर नको, खोली नको, आलेख नको. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९८ नंतर सरकारचा परीक्षेवरचा विश्वास उडाला होता आणि नियम इतके कडक करायचे ठरलं, की नुसत्या इंजिनाच्या ट्यूनिंगवर भागणारच नाही. जानेवारी २००१ मध्ये नियम आला. २००६ पासून डिझेलमधलं गंधक ५०० पीपीएमवरून १५ वर. २००७ पासून काजळी जवळजवळ शून्य. २०१० पर्यंत नायट्रोजन ऑक्साइडसुद्धा तळाला. पिकअप ट्रकसाठी याचा अर्थ असा, की फोर्ड, जीएम आणि डॉज या तिघांच्याही मोठ्या डिझेल पिकअपखाली २००७-०८ पासून डीपीएफ आला, म्हणजे काजळी अडवणारा चिनी मातीच्या जाळीचा डबा. आणि नंतरच्या काही वर्षांत युरियाची टाकी. आपल्याकडे बीएस-६ ट्रकवाले जिला नुसतं 'युरिया' म्हणतात तेच हे डीईएफ, पाण्यात ३२.५ टक्के युरिया. सायलेन्सरमध्ये फवारलं की नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी होतं. रसायनशास्त्र म्हणून अप्रतिम.

आता ट्रकवाल्याच्या जागी बसून बघू, कारण त्याची बाजू ऐकल्याशिवाय साडेपाच लाखांचा आकडा कळत नाही.

डीपीएफचा डबा काजळीने भरतो. मग ती जाळावी लागते. त्यासाठी सहाएकशे अंश तापमान लागतं आणि ते आणायला इंजिन जादा डिझेल खर्च करतं. ट्रक हायवेवर लांब पळत असेल तर हे आपोआप होतं, कळतही नाही. पण शेतावर दिवसभर इंजिन चालू ठेवून उभा असलेला, किंवा गावातल्या गावात दोनदोन मैल फिरणारा ट्रक पुरेसा तापतच नाही. डबा तुंबतो. काही इंजिनांत हे जादा डिझेल सिलिंडरच्या कडेने ओघळून ऑइलमध्ये जातं. नवा डबा काही हजार डॉलरचा. त्याच्याही आधी फोर्डच्या २००३ ते ०७ मधल्या ६.० लिटर इंजिनाचे ईजीआर कूलर फुटून लोकांचे इतके हाल झाले होते, की फोर्ड आणि ते इंजिन बनवणारी नॅव्हिस्टार एकमेकांविरुद्ध कोर्टात गेल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे युरियाचा. युरिया संपला किंवा त्याचा सेन्सर बिघडला तर काही ट्रकांचं सॉफ्टवेअर आधी सूचना देतं, मग ताकद कमी करतं, आणि शेवटी ताशी ५ मैल! कापणीच्या हंगामात, गावापासून पन्नास मैलांवर, एका सेन्सरसाठी. तुम्ही काय केलं असतं?

बहुतेकांनी गॅरेजवाल्याला फोन केला. 'डिलीट किट' मिळायचं. सरळ नळी, ईजीआर बंद करायच्या पट्ट्या, आणि एक छोटा ट्यूनर. तो गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावायचा आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलायचा. मायलेज वाढतं, ताकद वाढते, कटकट संपते. यात खोटं काही नव्हतं. ज्याला त्याचा त्रास होणार तो मात्र या व्यवहारात कुठेच नव्हता, तो मागे कुठेतरी श्वास घेत होता.

आणि तपासणी? हा भाग खास आपल्या लोकांसाठी.

मुळात अमेरिकेत सगळीकडे तपासणी नाहीच. केंद्राने सगळ्या देशाला लावलेली वार्षिक तपासणी असा प्रकार नाही. ज्या भागातली हवा खराब तिथे राज्यं ती चालवतात, आणि त्यातही कित्येक ठिकाणी जड डिझेल पिकअपना सूट असते. कॅलिफोर्नियासारख्या कॅलिफोर्नियाने डिझेल गाड्या स्मॉग चेकमध्ये घेतल्या त्या २०१० पासून! तेव्हा अर्ध्या लोकांना 'पास कसं व्हायचं' हा प्रश्नच नव्हता, पेपरच नव्हता.

जिथे पेपर आहे तिथली पद्धत दरम्यान बदलली होती. पूर्वी सायलेन्सरमध्ये नळी घालून मोजायचे. त्यातली लबाडीही साधी होती, पैसे खाणारा तपासनीस नळी दुसऱ्याच चांगल्या गाडीला लावायचा. याला 'क्लीन पायपिंग' म्हणतात. १९९६ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ओबीडी-टू आलं, म्हणजे गाडी स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवणार आणि बिघाड झाला की दिवा लावणार. मग ईपीएने २००१ मध्ये ठरवलं, की नव्या गाड्यांचा धूर कशाला मोजायचा, सॉकेटला केबल लावा आणि गाडीलाच विचारा. स्वस्त, झटपट, आणि सहसा जास्त अचूकही.

गाडीलाच विचारा! वेब अॅप्लिकेशन लिहिणाऱ्या कुठल्याही पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात, की क्लायंटकडून आलेल्या डेटावर भरवसा ठेवू नकोस. आणि इथे सगळ्या देशाची तपासणी एका प्रश्नावर उभी केली, 'बाई गं, तू बरी आहेस ना?' ज्या कॉम्प्युटरने उत्तर द्यायचं त्याचाच प्रोग्राम ट्यूनरने बदललेला. गाडीखाली डीपीएफ नाही, तरी कॉम्प्युटर सांगतो सगळं ठीक आहे, दिवा बंद, सगळ्या चाचण्या पूर्ण. खाली वाकून बघणारा तपासनीस असेल तर सापडतो, पण वाकायला वेळ कुणाला आहे? क्लीन पायपिंगचंही नवं रूप आलं, 'क्लीन प्लगिंग'. केबल दुसऱ्याच गाडीला लावायची.

कॅलिफोर्नियाने यावर काढलेला तोडगा बघून मला खरंच टाळी वाजवाविशी वाटली. गाडीच्या कॉम्प्युटरला त्यातल्या प्रोग्रामचा आवृत्ती क्रमांक विचारता येतो आणि प्रोग्रामचा चेकसमही विचारता येतो. त्याला कॅलिब्रेशन व्हेरिफिकेशन नंबर म्हणतात. १९ जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये हे दोन्ही आकडे वाचून कंपनीच्या मूळ आकड्यांशी ताडून बघायला लागले. जुळले नाहीत आणि बदलाला राज्याची मंजुरी नसली तर नापास. पन्नास वर्षांत परीक्षा सायलेन्सरच्या टोकापासून निघून हॅशपर्यंत पोचली. अर्थात चेकसम सांगणाराही तोच कॉम्प्युटर, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

असो. या काळात ईपीएने गाड्या पकडण्यापेक्षा ट्यूनर बनवणाऱ्यांना पकडायचं धोरण धरलं होतं. २०१३ मध्ये यूटामधल्या एज प्रॉडक्ट्स या कंपनीला ५ लाख डॉलर दंड झाला, तिने ९ हजारांहून जास्त ट्यूनर विकले होते. मग एच अँड एस परफॉर्मन्सचा नंबर लागला. तिथून जप्त झालेल्या नोंदी जोडत जोडतच २०२० चा तो साडेपाच लाखांचा अहवाल तयार झाला.

मात्र मला यातली सगळ्यात लक्षात राहिलेली केस सरकारने केलेलीच नाही. सॉल्ट लेक सिटी हे शहर डोंगरांच्या खोलगट वाटीत आहे. हिवाळ्यात वरच्या उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर दिवसेंदिवस तिथेच कोंडून राहतो. त्या कोंडलेल्या हवेतल्या बारीक कणांचा मोठा हिस्सा नायट्रोजन ऑक्साइडपासूनच तयार होतो. त्याच भागात डिस्कव्हरी चॅनलवरच्या 'डिझेल ब्रदर्स' या कार्यक्रमातली मंडळी राक्षसी ट्रक बनवायची आणि विकायची. तिथल्या डॉक्टरांच्या एका संघटनेने त्यांच्यावर दावा लावला. क्लीन एअर अॅक्टमध्ये सामान्य नागरिकाला असा दावा लावता येतो. डॉक्टरांनी त्यांचा एक ट्रक चक्क विकत घेतला आणि प्रयोगशाळेत नेऊन तपासला! मार्च २०२० मध्ये कोर्टाने साडेआठ लाख डॉलरच्या आसपास दंड ठोठावला. पुढे अपिलात काही भाग कायम राहिला आणि काही फेरविचाराला परत गेला. पण टीव्हीवर जे पराक्रम म्हणून दाखवलं तेच कोर्टात पुरावा झालं.

आता ते वेस्ट व्हर्जिनियाचं यंत्र. २०१३ च्या सुमारास त्या विद्यापीठातल्या डॅन कार्डर यांच्या छोट्या गटाने, ज्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा ही आपल्याकडून गेलेली मुलंही होती, युरोपियन डिझेल कार अमेरिकेत किती स्वच्छ आहेत हे सिद्ध करण्यासाठी म्हणून मोजणी केली. मागच्या सीटवर आणि डिकीत यंत्रं आणि जनरेटर कोंबून कॅलिफोर्नियाभर फिरले, पासाट तर थेट सिअॅटलपर्यंत नेऊन आणली. जेटा नियमाच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०१५, फोक्सवॅगन, जगभर १ कोटी १० लाख गाड्या. गाडीचं सॉफ्टवेअर स्टिअरिंग फिरतंय का, वेग कसा, किती वेळ, हवेचा दाब किती, हे बघून परीक्षा ओळखायचं. १९७४ साली जे एका थर्मल स्विचने होत होतं ते आता चार सेन्सर मिळून करत होते. आणि १९९८ च्या ट्रकवाल्यांच्या पापातून निघालेल्या यंत्रविद्येनेच त्यांना पकडलं.

आपल्याकडे याचे धागे आहेतच. फोक्सवॅगनने भारतात ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, पुण्याच्या एआरएआयमध्ये तपासण्या झाल्या, मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड सांगितला आणि सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. त्याआधी २०१३ मध्ये जनरल मोटर्स इंडियाने स्वतःच सरकारला कळवलं होतं, की टवेराच्या तपासणीच्या गाड्यांमध्ये कमी धूर सोडणारी निवडक इंजिनं बसवली जात होती. १ लाख १४ हजार टवेरा. तिथे सॉफ्टवेअर वगैरे काही नाही, सरळ डमी विद्यार्थी बसवला! आणि आपली पीयूसी डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजते. नायट्रोजन ऑक्साइड दिसत नाही, म्हणून विचारतही नाही.

पण पिकअपच्या गोष्टीतला सगळ्यात कडू घास अजून यायचाय. कमिन्स. पुणेकराला कमिन्स म्हटलं की कोथरूडचा कारखाना आणि कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं. अमेरिकेत कमिन्स म्हणजे रॅम पिकअपचं इंजिन, आणि त्यावर लोक छातीवर गोंदवून घ्यावं इतकं प्रेम करतात. डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं, की २०१३ ते १९ च्या ६ लाख ३० हजार रॅम ट्रकांच्या सॉफ्टवेअरमध्ये डिफीट डिव्हाइस असल्याच्या आरोपावरून कमिन्स १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरणार. क्लीन एअर अॅक्टखालचा आजवरचा सगळ्यात मोठा दिवाणी दंड. १९९८ च्या सातांमध्येही कमिन्स होतीच. कंपनीने चूक कबूल केली नाही, पैसे भरले.

आता हिशोब करा. त्याच वर्षांतला, तोच रॅम ट्रक. गॅरेजवाला त्याचं सॉफ्टवेअर बदलतो म्हणून गुन्हेगार. आणि आरोप खरा धरला तर मूळ सॉफ्टवेअरही तेच करत होतं, फक्त थोड्या सफाईने. डिलीट करणारे लोक हा मुद्दा घसा कोरडा होईपर्यंत मांडतात, आणि तो चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही. पण त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात, की मग सगळंच काढून टाका, तो मात्र सॉल्ट लेकच्या एखाद्या दमेकरी पोराला सांगून बघावा. कंपनीचा ट्रक कधीतरी परीक्षेपुरता तरी स्वच्छ असतो, आणि अशा समझोत्यांनंतर बहुधा सुधारूनही येतो. सरळ नळीवाला वीस वर्षं तसाच चालतो.

ताजी स्थिती सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये एका डिझेल मेकॅनिकला तीनशेहून जास्त व्यापारी ट्रकांची निदान यंत्रणा बंद पाडल्याबद्दल एक वर्ष आणि एक दिवस कैद झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. वायोमिंगच्या सिनेटर सिंथिया लमिस यांनी त्याची बाजू लावून धरली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएने युरियाबाबत नवी मार्गदर्शक सूचना काढली. त्यानुसार आधीच्या ट्रकांचं सॉफ्टवेअर कंपन्यांनी सौम्य करावं, आणि २०२७ च्या मॉडेलपासून युरिया संपला म्हणून ट्रक अचानक लुळा पडता कामा नये. ही दुसरी गोष्ट मला शहाणपणाची वाटते, आणि ती पंधरा वर्षं आधी झाली असती तर निम्मी डिलीट किटं विकलीच गेली नसती असा माझा अंदाज. अंदाजच आहे, आकडा मागू नका.

आणि एक खटला, ज्याकडे आपल्या धंद्यातल्या सगळ्यांनी लक्ष ठेवावं. ईझी लिंक नावाची कंपनी एक छोटं उपकरण, एक अॅप आणि एक क्लाउड विकते. ट्यून आम्ही लिहीत नाही, ते तिसरेच लोक लिहितात आणि गिऱ्हाईक उतरवून घेतो, आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, असं तिचं म्हणणं. २०२१ मध्ये सरकारने तिच्यावर दावा लावला. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी तो फेटाळला, ज्या कलम २३० मुळे फेसबुकवर दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी फेसबुकवर येत नाही, त्याच कलमाच्या आधारे. म्हणजे डीपीएफ डिलीट हा 'मजकूर' ठरला! ऑगस्ट २०२५ मध्ये अपील कोर्टाने हे फिरवलं. उपकरण आणि अॅप कंपनी स्वतः बनवून विकते असा सरकारचा आरोप आहे, तेव्हा तिला या कलमाआड लपता येणार नाही, असं म्हणून खटला पुन्हा खालच्या कोर्टात पाठवला.